बिनतारी जोडणीतील दोष कसा शोधावा?

वजाबाकीचे उत्तर चुकले म्हणून जाणता शिक्षक मुलास तेच उदाहरण दहा वेळा लिहावयास सांगत नाही. चूक हातचा घेताना झाली, अंक मांडताना झाली, की मुळात फळ्यावरून उदाहरणच चुकीचे उतरवून घेतले गेले, हे तो प्रथम पाहतो आणि ज्या पायरीवर चूक असेल तेथेच उपाय योजतो. घरातील बिनतारी इंटरनेट जोडणी, म्हणजेच वायफाय, वारंवार तुटू लागली असता हीच रीत उपयोगी पडते.

आज शिक्षकाचे पुष्कळ काम या जोडणीवर अवलंबून असते. यू-डायस प्लसवर माहिती भरावयाची असते, पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतावरून दीक्षा मंचावरील पाठ पाहावयाचे असतात. शाळेत सोय नसल्यास हे काम सायंकाळी घरी करावे लागते. मध्येच जोडणी तुटली की भरलेला मजकूर नाहीसा होतो व उद्याच्या पाठाची तयारी अपुरी राहते. अशा वेळी नवा राउटर किंवा अधिक वेगाची महाग योजना घेण्याकडे मनाचा कल होतो. परंतु दोष कोठे आहे हे न पाहता केलेला असा खर्च पुष्कळदा व्यर्थ जातो.

दोष कोणत्या भागात?

इंटरनेटचा मार्ग दोन भागांचा आहे. पहिला भाग बाहेरून येणाऱ्या तारेचा. तो राउटरपाशी संपतो. दुसरा भाग राउटरपासून फोन किंवा संगणकापर्यंतचा. तेथे संदेश लहरींच्या रूपाने हवेतून जातात. फोनवर दिसणारी पंख्याच्या आकाराची खूण केवळ या दुसऱ्या भागाचे बळ दाखविते. बाहेरची तार तुटलेली असली तरी ती खूण पूर्ण भरलेली दिसू शकते. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे अनेकांची दिशाभूल होते.

म्हणून जोडणी बिघडताच प्रथम राउटरपासून दोन मीटरच्या आत जाऊन पाहावे. तेथे काम सुरळीत चालले, तर दोष बहुधा हवेतील भागात आहे. तेथेही चालले नाही, तर शक्य असल्यास संगणक केबलने राउटरला जोडावा. केबलनेही इंटरनेट मिळत नसेल, तर दोष राउटरच्या पलीकडे किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. केबलने मिळते व जवळूनही बिनतारी मिळत नाही, असे असेल तर राउटरच्या बिनतारी भागाकडे किंवा त्या फोनकडे लक्ष द्यावे. दुसरा फोन त्याच जागी नीट चालत असल्यास दोष पहिल्या फोनचा होय. त्यातील वायफायची नोंद पुसून संकेतशब्द पुन्हा घालून पाहावा.

पहिल्या भागातील दोष

प्रकाशतंतूची जोडणी असेल तर मोडेमवरील ‘एल.ओ.एस.’ हा दिवा पाहावा. तो तांबडा झाल्यास तंतूतून येणारा प्रकाश पोहोचत नाही, असे समजावे. तंतू खिळ्याभोवती वा दाराच्या फटीत तीव्र कोनात वाकलेला नाही ना, हे पाहावे. तंतू तुटला असल्यास तो जोडण्याचे काम सेवा पुरविणाऱ्याच्या कारागिराचेच आहे.

विजेचा दाब कमीजास्त होणे किंवा अडॅप्टरची पिन सैल असणे, हेही एक कारण असते. त्याची खूण सोपी आहे: सर्व उपकरणांची जोडणी एकदम तुटते, राउटरचे दिवे विझून पुन्हा लागतात आणि काही मिनिटांनी सर्व पूर्ववत होते. अडॅप्टर बदलावयाचा झाल्यास व्होल्ट तेवढेच असावेत व अँपिअर पहिल्याहून कमी नसावेत. तसेच राउटर कापडाने झाकून ठेवू नये. तो तापतो व अडखळतो.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही. मात्र बारीक छिद्रातील ‘रीसेट’चे बटण टाचणीने दाबू नये. त्यामुळे राउटरमध्ये भरलेली सर्व मांडणी पुसली जाते व कारागीर येईपर्यंत जोडणी बंद राहू शकते.

हवेतील भागाचे दोष

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची ५ ते ६ सेंटिमीटर. पहिल्या भिंतीतून अधिक चांगल्या पार होतात. दुसऱ्या अधिक वेग देतात, परंतु भिंतीत लवकर क्षीण होतात. यास्तव दूरच्या खोलीत पहिला पट्टा व राउटरजवळ दुसरा पट्टा वापरणे योग्य ठरते.

लाकूड किंवा पातळ विटेची भिंत लहरींना फारशी अडवीत नाही. जाड दगडी भिंत पुष्कळ अडविते. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी व मोठा आरसा लहरी परत फेकतात. पाण्याची टाकी त्या शोषून घेते. पुष्कळ घरांत तार ओटीवर येते, म्हणून राउटरही तेथेच कपाटामागे ठेवला जातो आणि काम मात्र माजघरात चालते. अशा घरात राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यभागी, माणसाच्या उंचीएवढ्या फळीवर उघडा ठेवला, तर काहीही खर्च न होता पुष्कळ फरक पडतो.

लहरींचे बळ मोजणारी मोफत अ‍ॅप मिळतात. ती उणे आकड्यांत बळ दाखवितात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पुरेसे व उणे ८० दुर्बळ समजावे. आकडा दहाने अधिक उणा झाला की बळ दहावा हिस्सा उरते. दुर्बळ जागी रिपीटर बसवूनही लाभ होत नाही, कारण जे त्यालाच नीट मिळत नाही ते तो पुढे काय देणार? तो राउटर व ती खोली यांच्या मधोमध, बळ चांगले असेल तेथे बसवावा.

दाट वस्तीत शेजारच्या लहरींचाही अडथळा होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनल वापरता येतात. ती परस्परांवर चढलेली असल्यामुळे १, ६ व ११ यांपैकी सर्वांत मोकळे असेल ते निवडावे. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्याजवळ चालते. शेतातील एकट्या घरात मात्र हे कारण शोधण्यात वेळ दवडू नये.

नोंदवही

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा. जागा, चॅनल व अडॅप्टर ही तिन्ही एकदम बदलली, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. तीन दिवस एका वहीत वेळ, जागा, उपकरण आणि दिव्यांची स्थिती लिहावी. ठराविक जागी तुटत असेल तर भिंत, ठराविक वेळी तुटत असेल तर वीज, गर्दी अथवा बाहेरची तार, आणि एकाच फोनवर तुटत असेल तर तो फोन, असा तर्क करता येतो. सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार करतानाही “नेट चालत नाही” एवढ्यावर न थांबता “रोज सायंकाळी सातनंतर केबलनेही मिळत नाही” असे सांगितल्यास टाळाटाळीस वाव राहात नाही.

इतके करूनही बाहेरची तार भरवशाची नसेल, तर शिक्षकाने जोडणी चांगली असण्याच्या वेळी पाठ फोनमध्ये उतरवून ठेवावेत. माहिती भरताना प्रत्येक पान जतन करावे व आकडे प्रथम कागदावर लिहून घ्यावेत. जोडणी दुरुस्त होण्यास आठ दिवस लागले तरी वर्गातील मुलांचा एकही पाठ त्यापायी बुडता कामा नये.