पदवी नक्की कोणी घेतली?

इंटर्नशिपसाठी मेल लिहिताय? ‘सेंड’ दाबण्याआधी त्यात असं एखादं वाक्य नाही ना, ते बघा : ‘आफ्टर कम्प्लीटिंग माय ग्रॅज्युएशन, युवर कंपनी इज माय फर्स्ट चॉइस.’ वाचायला भारी वाटतं. पण इंग्रजीच्या हिशेबाने इथे ग्रॅज्युएट झाली ती कंपनी! असा मेल मीही पाठवलाय, म्हणून सांगतेय.

याला म्हणतात ‘डँगलिंग मॉडिफायर’, म्हणजे आधाराविना लोंबकळणारा वाक्याचा तुकडा. तो समजून घ्यायला आपली मराठीच कामाला येते. ‘घरी गेल्यावर आई ओरडली’ यात घरी गेलात तुम्ही, ओरडली आई. पण ‘घरी जाऊन आई ओरडली’ म्हटलं, की जाणारीही आईच. इंग्रजीतलं हे ‘कम्प्लीटिंग’ ‘जाऊन’सारखं वागतं आणि आपण ते ‘गेल्यावर’सारखं वापरतो. गडबड तिथेच होते. उपाय सोपा आहे. स्वल्पविरामानंतर काम करणाऱ्याला आणा : ‘आफ्टर कम्प्लीटिंग माय ग्रॅज्युएशन, आय वुड लाइक टु वर्क विथ यू.’

दुसरा घोळ ‘ओन्ली’चा. ‘मीच दोन पानं लिहिली’ आणि ‘मी दोनच पानं लिहिली’ यांतला फरक आपल्याला झोपेतही कळतो, कारण ‘च’ शब्दाला चिकटतो. ‘ओन्ली’ सुटा असतो, म्हणून लिहिताना तो नेमक्या शब्दाशेजारी ठेवा : ‘ओन्ली आय रोट’ की ‘ओन्ली टू पेजेस’? बोलताना मात्र एवढा कीस नको. अर्थ स्पष्ट असेल तर ‘ओन्ली’च्या जागेवरून अडून बसू नये, असंच फाउलर यांनीही १९२६ सालच्या ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये मांडलं होतं.

आता सर्वनामं. ‘रोहनने अमितला आपली बॅग दिली’ म्हटलं की बॅग रोहनची. ‘रोहन गेव्ह अमित हिज बॅग’मध्ये ती कोणाचीही असू शकते, कारण इंग्रजीत हा ‘आपली’ नाही. शंका वाटली तर सरळ नाव लिहा.

‘सर कॉल्ड नेहा अँड आय’ हे ऐकायला स्टायलिश वाटतं, पण चूक आहे. नेहाला क्षणभर बाजूला करा. ‘सर कॉल्ड आय’ म्हणाल का? मराठीत तरी ‘सरांनी मी बोलावलं’ कोण म्हणतं? तिथे ‘मी’च हवं, इंग्रजीतलं! ‘बिटवीन यू अँड मी’चंही तसंच. आणि इंटरव्ह्यूत ‘मायसेल्फ नेहा’ नको, ‘आय ॲम नेहा’ पुरे.

बोलताना चुकलात तर लाजू नका. समोरचा विचारतो, आपण सावरून घेतो. मेल उघडला जातो तेव्हा मात्र खुलासा करायला आपण तिथे नसतो. म्हणून पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा आणि विचारा : कोणी केलं? कोणाचं? उत्तर एकच आलं, तर खुशाल ‘सेंड’ करा.