बिनतांब्याची तांबी

मराठी भाषेत 'पोट' हा शब्द फार राबतो. भाकरी जाते ती पोटात, माया असते ती पोटात, गुपित राहत नाही ते पोटात आणि मूल वाढते तेही पोटातच. त्यामुळे एखादी बाई "पोटात दुखते" म्हणाली, की तिला ओवा द्यावा की डॉक्टरांकडे न्यावे, हे शब्दावरून कळण्याची सोय नाही. बहुधा ओवाच मिळतो. मला तो वयाच्या चौदाव्या वर्षापासून एकतिसाव्यापर्यंत मिळाला. ओव्याबद्दल माझी तक्रार नाही. तो बिचारा वातावरचा उतारा, आणि माझे दुखणे वाताचे नव्हते.

त्या दुखण्याचे नाव एंडोमेट्रिओसिस. गेली वीस वर्षे मी मराठी शिकवते, तेव्हा तूच एखादा प्रतिशब्द घडव, असा मैत्रिणींचा आग्रह असतो. पण दुखणाऱ्या बाईला शब्दापेक्षा अर्थ अगोदर हवा असतो. गर्भाशयाच्या आतले जे अस्तर दर महिन्याला गळून पाळी येते, तशाच जातीचे अस्तर या रोगात गर्भाशयाबाहेर रुजते: बीजांडकोशावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर. तेही दर महिन्याला हार्मोनांचा हुकूम मानते, सुजते, रक्त गाळते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग दाह होतो, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात जुने रक्त साठून जी गाठ होते, तिला तिच्या रंगावरून 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला ती गाठ नव्हती, एवढे निश्चित!

पाळीचे थोडे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते व तेथे रुजते, असा सिद्धांत अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२७ साली मांडला. तो आजही शिकवला जातो. मात्र रक्त असे उलटे जाणे बहुतेक स्त्रियांत घडते आणि रोग सर्वांना होत नाही, तेव्हा गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगातल्या १९ कोटी स्त्रियांना हा विकार आहे. माझ्या वर्गात साठ मुली बसतात. हिशेब वाचकांनीच करावा.

एकतिसाव्या वर्षी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन माझी गाठ निघाली. दोन वर्षांनी मुलगी झाली. पुढली काही वर्षे सुखाची गेली. एकोणचाळिसाव्या वर्षी दुखणे परत आले. मग दोन वर्षे डायनोजेस्टची गोळी रोज घेतली. दुखणे निम्मे झाले आणि हसणेही निम्मे झाले. हे त्या गोळीबाबत पुष्कळ बायका सांगतात. सगळ्यांनाच तसे होते असे नाही. मी ती सोडली. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणतात, हार्मोनची तांबी बसवून पाहू.

'तांबी' शब्द ऐकताच आमच्या सासूबाईंचा चेहरा उतरला. त्याला कारण आहे. १९६५ साली सरकारी कुटुंबनियोजनात 'लूप' आला. तो प्लॅस्टिकचा, वेटोळ्याचा. गावोगाव शिबिरे भरली, लूप बसले. पण नंतर रक्तस्राव सुरू झाला तर बाईने कोणाकडे जायचे, ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी नव्हती. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई त्यांपैकीच एक. पुढे तांब्याची तार गुंडाळलेली 'कॉपर टी' आली आणि मराठीने तिचे 'तांबी' असे सुटसुटीत बारसे केले. या तांबीने कित्येकींचा रक्तस्राव आणि कळा वाढतात, हे खरेच आहे. माझ्यासारखीने तिच्यापासून दूर राहावे हे उत्तम.

ही नवी तांबी मात्र बिनतांब्याची. फिनलंडमधल्या तापानी लुक्काइनेन या वैद्यक-संशोधकाच्या खटपटीतून ती आकाराला आली आणि १९९० साली तिला प्रथम त्याच देशात मान्यता मिळाली. इंग्रजी टी अक्षरासारख्या लहानशा प्लॅस्टिकच्या दांडीवर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. सुरुवातीला ते रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम पाझरते, मग हळूहळू कमी होते. औषध जेथे हवे तेथेच बहुतांशी राहते, रक्तात थोडे उतरते. अस्तर पातळ होते, पाळी रोडावते, काहींची थांबते, आणि दुखणे पुष्कळजणींचे कमी होते.

येथे सासूबाईंनी जो प्रश्न केला तो मला परीक्षेत घालण्याजोगा वाटला: "पाळी थांबली, तर ते रक्त जाते कुठे?" उत्तर असे, की अस्तर वाढतच नाही, तेव्हा गळायला काही उरत नाही. साठून राहते ते रोगात, उपचारात नव्हे.

दुसरी अडचण त्यांना नव्हे, मला वाटत होती. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून रक्ताचे डाग दिसत राहतात. आमच्या घरी देव्हारा आहे, गौरी बसतात. असे कधीही, केव्हाही डाग दिसू लागले तर चार दिवस मोजायचे कोठून? हे मी भीत भीत विचारले. त्या म्हणाल्या, "मी मोजायचे केव्हाच सोडले. तुझ्याच ध्यानात आले नाही." यावर मी काय बोलणार!

आता खऱ्या उणिवा. ही तांबी रोग मुळातून काढत नाही. बहुतेकींच्या बीजांडकोशाचे काम ती पुरते थांबवत नाही, म्हणून चॉकलेटची गाठ परत होणारच नाही अशी हमी नाही. २०२४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ४०५ स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर काहींना ही तांबी किंवा प्रोजेस्टोजेनचे इंजेक्शन, तर काहींना नेहमीच्या संततिनियमनाच्या गोळ्या दिल्या. तीन वर्षांनी दुखण्यात दोन्हींकडे सारखाच उतार. म्हणजे ही काही जादूची कांडी नव्हे. वीस बायकांत एकीची तांबी आपोआप निसटते. हजारांत एकदोघींच्या बाबतीत बसवताना गर्भाशयाला छिद्र पडते. डेन्मार्कमधल्या २०२४ च्याच एका मोठ्या पाहणीत ही तांबी वापरणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १४ रुग्ण अधिक आढळले. आकडा लहान आहे. पण तो कानांवर घालणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी ते न विचारता केले.

बसवताना दुखते का? याचे उत्तर मला दोन दवाखान्यांत दोन प्रकारचे मिळाले. पहिल्या ठिकाणचे गृहस्थ म्हणाले, "एक मूल झाले ना? मग घाबरता कशाला?" माझी मुलगी सिझेरियनने झाली, हे त्यांनी विचारले नाही. गर्भाशयाचे तोंड प्रसूतीत उघडलेलेच नसेल तर कळ अधिक येऊ शकते. दुसरीकडे डॉक्टरीणबाईंनी तेथे बधिर करण्याचे औषध, अगोदर घ्यायची गोळी आणि हवी असल्यास थोडा वेळ भूल, असे तिन्ही पर्याय मांडले. मी त्यांच्याकडेच थांबले, हे सांगायला नकोच.

"त्यापेक्षा पिशवीच काढून टाक," असे सांगणारे मात्र जागोजाग भेटतात. आपल्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि पिशवी म्हटले की ती टाकून देण्याचीच वस्तू वाटू लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या २०१९ सालच्या सरकारी पाहणीत तेरा हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. माझ्या रोगात तर रुजलेले अस्तर पिशवीच्या बाहेर आहे. पिशवी गेली तरी ते मागे राहू शकते. तांबी नको झाली तर दोऱ्याला ओढून मिनिटा-दोन मिनिटांत निघते. काढलेली पिशवी परत बसत नाही. तराजूचे पारडे माझ्यापुरते येथे झुकले.

भाऊबीज झाली की पुढल्या मंगळवारची वेळ घेतली आहे. सहा महिने पाहायचे, दुखण्याची रोज नोंद ठेवायची, आणि नोंद वाईट निघाली तर काढून घ्यायची, एवढे डॉक्टरीणबाईंशी ठरले आहे. चाळिशीतल्या बाईला पाळी जाण्याचा सुमार तांबीमुळे कळणार नाही, तो कसा ओळखायचा, हा एक प्रश्न तेवढा राहून गेला होता. तो कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला आहे.