उचलीच्या पैशातला कॉम्प्युटर

यंदा पोळा झाल्यावर एक गृहस्थ घरी आले. गेवराई तालुक्यातल्या आमच्या तलवाड्यातून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यातल्याच एका टोळीत हे नवरा-बायको 'कोयता' म्हणून जातात. मुकादमाची उचल हातात आली होती आणि तिच्यातले पंचवीस हजार त्यांनी मुलीच्या कॉम्प्युटरसाठी बाजूला काढले होते. मुलगी बारावी झालेली. तिला मराठी टायपिंगची कॉम्प्युटरवरची सरकारी परीक्षा द्यायची आहे, टॅली शिकायचं आहे आणि सरळसेवेच्या परीक्षांची तयारी करायची आहे.

"सर, एक दुकानदार म्हंतो आय-फाइव घ्या, चौदा हजारात देतो. दुसरा म्हंतो एएमडीचा नवा घ्या, पंचवीस लागतील. तिसरा म्हंतो एएमडी तापतो, जळून जातो. आता कोनचा घ्यावा?"

पंचवीस हजार म्हणजे किती, याचा हिशेब आधी करू. उचल म्हणजे पगार नव्हे, ते कर्ज असतं आणि ऊस तोडून फेडायचं असतं. जानेवारी २०२४ मधल्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. त्या दरानं पंचवीस हजार म्हणजे सुमारे ६८ टन ऊस. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो असं धरलं तर दोघांचे चाळीसेक दिवस. एवढ्या पैशाची वस्तू चुकीची निघाली, तर ती बदलून घ्यायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही, दोन दिवस मागून घेतले. मी कॉलेजात यातलं काही शिकलेलो नाही. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडता उघडता कॉम्प्युटरपर्यंत आलो, आणि बाकीचं वाचून, विचारून आणि काही वस्तू बिघडवून शिकलो. त्यांना जे सांगितलं तेच इथे थोडं विस्तारानं मांडतो.

पहिली गोष्ट, इंटेल आणि एएमडी ही एकाच घराची वाटणी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर नावाची कंपनी होती. तिच्यातून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. पुढच्याच वर्षी, मे १९६९ मध्ये, त्याच घरातून निघालेल्या जेरी सँडर्स आणि सहकाऱ्यांनी एएमडी काढली. पुढे जे झालं ते आपल्याकडच्या भाऊबंदकीला शोभेल असं आहे.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलची ८०८८ ही चिप होती. एवढ्या महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणं आयबीएमला नको होतं, त्यामुळे दुसरा उत्पादक हवा असा तिचा आग्रह होता. म्हणून १९८२ मध्ये इंटेलनं एएमडीशी करार केला आणि इंटेलच्या रचनेच्या चिपा एएमडी कायदेशीरपणे बनवू लागली. १९८५ मध्ये ३८६ ही चिप आली, तेव्हा इंटेलनं ती वाटून द्यायला नकार दिला. मग बांधाचा वाद कोर्टात गेला. लवाद, अपील, पुन्हा कोर्ट असं चालत १९९५ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात, १९९१ मध्ये, एएमडीनं स्वतःची ३८६ बाजारात आणलीही होती.

ग्राहकाला या भांडणातून एक फार मोठी गोष्ट मिळाली. दोन्ही कंपन्यांच्या चिपा एकाच आज्ञावलीवर चालतात. आज्ञावली म्हणजे चिपेला कळणारी भाषा, तिला एक्स-८६ म्हणतात. या भाषेचं ६४-बिटचं रूप तर आधी एएमडीनं २००३ मध्ये बाजारात आणलं आणि मग इंटेलनं ते स्वीकारलं. त्यामुळे विंडोज, टॅली, मराठी टायपिंगचे प्रोग्राम दोन्हीवर सारखेच चालतात. 'एएमडीवर आमचं सॉफ्टवेअर चालत नाही' असं कुणी सांगितलं तर कुठलं, ते नाव घेऊन विचारावं. बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं.

या दोन घरांमधून फिरलेला एक माणूस पुण्यात जन्मलेला आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. विनोद धाम. फाळणीच्या काळात रावळपिंडीकडून आलेल्या कुटुंबात, १९५० मध्ये पुण्यात त्यांचा जन्म झाला. १९७९ मध्ये ते इंटेलमध्ये गेले आणि १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमच्या कामाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. 'पेंटियमचे जनक' अशीच त्यांची ओळख झाली. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीनं विकत घेतली आणि नेक्सजेनच्या रचनेतून १९९७ मध्ये एएमडीची के-६ ही चिप आली, पेंटियमच्याच तोडीची आणि स्वस्त. म्हणजे ज्या माणसानं एका घराचं नाव घरोघर पोचवलं, त्यानंच दुसऱ्या घराला उभं राहायला हात दिला. ब्रँडवर निष्ठा ठेवून भांडणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो.

आता 'एएमडी तापतो' ही वदंता. ही हवेतून आलेली नाही, तिला मूळ आहे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या परीक्षण करणाऱ्या मंडळींनी एक प्रयोग करून त्याचा व्हिडिओ दाखवला. चालू कॉम्प्युटरच्या चिपेवरचा थंड करणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, काढून टाकला. इंटेलची पेंटियम-४ हळू झाली पण जिवंत राहिली. एएमडीची ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेली. कारण साधं होतं. पेंटियम-४ मध्ये तापमान वाढलं की वेग उतरवायची सोय चिपेतच होती, त्या ॲथलॉनमध्ये नव्हती. हे खरंच घडलं. पण गंमत पुढे आहे. २००४ मध्ये इंटेलनं पेंटियम-४ चं 'प्रेस्कॉट' हे रूप आणलं आणि तीच इतकी तापू लागली की त्याच रेषेवरची पुढची चिप इंटेलला रद्द करावी लागली. त्या दोन-तीन वर्षांत थंड चिप एएमडीची होती. २००६ मध्ये इंटेलच्या कोअर-२ नं बाजी उलटवली. २०११ मध्ये एएमडीच्या 'बुलडोझर' चिपा जास्त वीज खाऊन कमी काम करत होत्या. २०१७ मध्ये, लिसा सू यांच्या काळात, रायझन आली आणि पुन्हा पारडं फिरलं. आता तर २०२४ मध्ये इंटेलला तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही महागड्या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली, कारण जादा व्होल्टेजनं त्या अस्थिर होत होत्या.

थोडक्यात, वदंता वीस-पंचवीस वर्षं टिकली, पण चिपा दर चार-पाच वर्षांनी बदलल्या. आज तापमान मोजून स्वतः वेग उतरवणं दोन्ही कंपन्यांच्या चिपा करतात. आमच्याकडे कॉम्प्युटर तापतो तो सरकीच्या तंतूंनी आणि फुफाट्यानं. गेवराईच्या पट्ट्यात कापूस फुटायला लागला की पंख्याच्या पात्यांवर महिनाभरात पांढुरका थर बसतो. मे महिन्यात पत्र्याखाली ४२-४३ अंश असताना तो थर कुठल्याही कंपनीची चिप मंद करतो. दर दोन महिन्यांनी रंगाचा ब्रश फिरवला तरी निम्मं काम होतं.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगतो. पंखा साफ करायला मी एएमडीचा हीटसिंक ओढला. खालची पेस्ट वाळून डिंकासारखी झाली होती, त्यामुळे चिपही सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत वर आली. एएमडीच्या एएम-४ जातीच्या चिपेला खाली १,३३१ पिना असतात. माझ्या सात-आठ वाकल्या. ब्लेडच्या पात्यानं त्या सरळ करण्यात एक संध्याकाळ गेली. इंटेलच्या चिपेला पिना नसतात, त्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. तिथे बोट लागलं तर बोर्ड जातो. काढण्यापूर्वी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करावी आणि हीटसिंक किंचित फिरवून सोडवावा, हे मी त्यानंतर शिकलो.

आता चौदा हजाराचा तो आय-फाइव. खरी फसगत इथे आहे, आणि ती इंटेल-एएमडीच्या भांडणात झाकून जाते. आय-३, आय-५, आय-७ हे त्या त्या पिढीतले दर्जे आहेत, जसे शाळेतले अ-ब-क तुकडी. तिसरीतल्या अ तुकडीचा मुलगा बारावीतल्या क तुकडीच्या मुलाशी गणितात जिंकत नाही. मी दुकानदाराला फोन करून चिपेचा पूर्ण आकडा विचारला. बराच वेळ 'आय-फाइव आहे ना सर' असंच चाललं. शेवटी आकडा आला, आय-५ ३४७०. पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, ही २०१२ ची चिप. चार गाभे, चारच धागे. तिच्या शेजारी २०२२ ची बाराव्या पिढीची आय-३ १२१०० ठेवा. तीही चार गाभ्यांची, पण आठ धाग्यांची, आणि सगळे गाभे कामाला लावले तर जवळपास तिप्पट काम करणारी. नावात आय-३, तरीही.

दुसरं असं की विंडोज-१० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज-११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. एएमडीची रायझन २००० मालिका किंवा पुढची, त्यातही काही आकडे वगळून. तिसऱ्या पिढीची आय-५ त्या यादीत नाही. जुगाड करून टाकून देणारे आहेत, पण ६८ टन उसाच्या पैशात जुगाड विकत घ्यायला मी सांगणार नाही. जुना कॉम्प्युटर घेणं वाईट नाही. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले आठव्या पिढीचे संच चांगले असतात. पण आकडा पाहून घ्यावा.

आकड्याच्या शेपटीलाही अर्थ असतो. इंटेलच्या चिपेमागे 'एफ' असेल तर तिच्यात चित्र दाखवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स, नसतो. वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. एएमडीच्या एएम-४ चिपांत उलट, मागे 'जी' असेल तरच ग्राफिक्स आत असतं. स्वस्त म्हणून 'एफ'वाली चिप घेतलेला एक संच माझ्याकडे 'चालूच होत नाही' म्हणून आला होता. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

विजेचाही प्रश्न त्या गृहस्थांनी विचारला. हिशेब सोपा आहे. दोन चिपांमध्ये चालताना २० वॉटचा फरक धरला आणि रोज चार तास धरले, तर दिवसाला ८० वॉट-तास, महिन्याला अडीच युनिटही नाहीत. युनिट दहा रुपये पकडलं तरी चोवीस रुपये. लाइट जाण्यासाठी मात्र यूपीएस हवा. तो दहा-पंधरा मिनिटं देतो, फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती. दोन्ही चिपांना तेवढाच.

मग निर्णय. मुलीच्या कामाला, म्हणजे टायपिंग, टॅली, व्हिडिओवरचे वर्ग, सराव-परीक्षा, एवढ्याला आजची कुठलीही चार गाभ्यांची चिप पुरते. तिला वेग जाणवेल तो हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असल्यानं आणि रॅम ८ जीबी असल्यानं. पाच-सहा हजार जास्त असते तर मी इंटेलची आय-३ १२१०० सांगितली असती, डोळे झाकून. तेवढे नव्हते. उचलीतून आणखी काढा, असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दुकानदाराच्या यादीत एएमडीची रायझन ३ ३२००-जी होती. २०१९ ची, चार गाभे, ग्राफिक्स आत, विंडोज-११ च्या यादीत बसणारी. तिच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती. एएम-४ हे सॉकेट एएमडीनं २०१६ पासून चालवलं, तर तेवढ्या काळात इंटेलच्या घरगुती चिपांची सॉकेटं एकापेक्षा जास्त वेळा बदलली. याच बोर्डावर उद्या सहा गाभ्यांची ५६००-जी बसू शकते, फक्त बोर्डाच्या कंपनीच्या यादीत दोन्ही चिपा आहेत का ते बघून बोर्ड घ्यायचा. ते बघितलं. आठ जीबीची एक रॅम घेण्याऐवजी चार-चारच्या दोन घ्यायला सांगितलं, कारण आतलं ग्राफिक्स रॅममधूनच खातं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटांनी माल मिळतो. चिप डब्यातली घ्या, सुटी नको, असंही सांगितलं. डब्यातल्या चिपेला दोन्ही कंपन्या सहसा तीन वर्षांची वॉरंटी देतात आणि पंखा सोबत येतो.

यादीत एक ओळ खटकली. '४५० वॅट एसएमपीएस', पुढे कंपनीचं नाव नाही. माझे स्वतःचे दोन बोर्ड अशाच बिननावी एसएमपीएसनं गेलेले आहेत, आमच्याकडच्या कमी-जास्त व्होल्टेजमध्ये. चिप कुठली यावर तीन दुकानदारांनी वाद घातला होता, या ओळीवर एकही शब्द नाही. रंगीत लाइटचं कॅबिनेट काढून साधं घ्यायला लावलं, त्यात वाचलेल्या नऊशे रुपयांतून वॉरंटीवाला एसएमपीएस बसवला. बिल चोवीस हजार आठशेचं झालं. वॉरंटीचा कागद आणि बिल मुलीच्या आजीच्या पेटीत ठेवलंय, कारण आईबाप आता एप्रिलपर्यंत फडावर असतील.