कर्जाची मंजुरी आणि हप्त्यांचा हिशेब

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरास भेट देणारा मराठी यात्रेकरू बहुधा दोन गोष्टी डोळे भरून पाहतो. एक म्हणजे गर्भगृहावरील ते गगनचुंबी विमान, आणि दुसरी म्हणजे दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत, 1803 साली, मंदिराच्या भिंतीवर कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी इतिहास. परंतु याच मंदिराच्या भिंतींवर त्या लेखाहून सुमारे आठशे वर्षांनी जुने असे तमिळ शिलालेख आहेत. त्यांतील कित्येकांचा विषय, आश्चर्य वाटेल, पण कर्ज हा आहे. कोणी किती रक्कम देवास अर्पण केली, ती कोणास व्याजाने दिली, व्याजाचा दर कोणता आणि ते कोणत्या रूपाने चुकते करावयाचे, हे सर्व तेथे अक्षरशः दगडावर कोरलेले आहे.

हे मंदिर राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केले. राजघराण्यातील स्त्रिया, अधिकारी व इतर भाविक यांनी देवापुढे ठेवलेले धन मंदिर पेटीत कुलूपबंद करून ठेवीत नसे. ते आसपासच्या ग्रामसभांना आणि नगरातील व्यापाऱ्यांना कर्जाऊ दिले जाई. त्या काळच्या नाण्यास ‘कासु’ म्हणत. दर कासुमागे वर्षाला एक-अष्टमांश कासु, म्हणजे आजच्या भाषेत शेकडा साडेबारा, असा व्याजाचा दर या लेखांतून आढळतो. एका लेखातील हिशेब तर मोठा मनोरंजक आहे. गणपतीच्या नैवेद्यास रोज 150 केळी मिळावीत म्हणून 360 कासु बाजारातील व्यापाऱ्यांकडे व्याजाने ठेवण्यात आले. त्यांचे वर्षाचे व्याज झाले 45 कासु. एका कासुस 1,200 केळी या भावाने वर्षाची 54,000 केळी होतात, आणि 360 दिवसांच्या वर्षाने भागिले असता रोजची बरोबर 150! मुद्दल परत करावयाचे नव्हते. व्याज मात्र चंद्रसूर्य असेपर्यंत चालू ठेवावयाचे होते. या लेखाचे विशेष असे की, मुद्दल, दर, भाव आणि रोजचे देणे या सर्व गोष्टी येणाऱ्याजाणाऱ्यास दिसतील अशा ठिकाणी एकत्र लिहिलेल्या आहेत. हिशेब कोणीही पडताळून पाहावा.

आता या मंदिरापासून फारशा दूर नसलेल्या बाजारपेठेत यावे. तंजावूरच्या रस्त्यांवर आज स्मार्टफोनची दुकाने आहेत. तमिळमध्ये हप्त्यास ‘तवणै’ आणि व्याजास ‘वट्टि’ म्हणतात. हे दोन शब्द अशा दुकानांत वारंवार कानी पडतात. नुकताच नोकरीस लागलेला एखादा तरुण तेथे येतो. त्यास 24,000 रुपयांचा फोन हवा आहे. हाती एवढी रक्कम नाही. विक्रेता त्याचे आधार आणि पॅन क्रमांक टिपून घेतो, पगाराची चौकशी करतो, यंत्रावर काही अक्षरे उमटवितो, आणि चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी उत्तर येते: ‘कर्ज मंजूर.’ या चार-पाच मिनिटांत नेमके काय घडते, आणि त्या मंजुरीचा अर्थ काय, हे समजून घेणे आज प्रत्येक कुटुंबास आवश्यक झाले आहे. याचे कारण असे की, फोन ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, कामाची बोलावणी, सरकारी योजनांचे अर्ज या सर्वांचा मार्ग त्या लहानशा यंत्रातून जातो.

मंजुरीपूर्वी धनको, म्हणजे कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था, तीन प्रश्नांची उत्तरे शोधीत असते. पहिला प्रश्न ओळखीचा: अर्जदार म्हणवतो तोच हा मनुष्य आहे काय? यासाठी आधार, पॅन व पत्ता यांची पडताळणी होते. दुसरा प्रश्न ऐपतीचा: याचे उत्पन्न किती, आणि त्यातून आधीच किती हप्ते जात आहेत? तिसरा प्रश्न सचोटीचा: याने पूर्वी घेतलेली कर्जे वेळेवर फेडली आहेत काय? पूर्वी हा तिसरा प्रश्न गावच्या पेढीवरील मुनीम आपल्या स्मरणाने सोडवीत असे. आज ते काम पतमाहिती कंपन्या करतात. अशी पहिली कंपनी, सिबिल, भारतात 2000 साली स्थापन झाली, आणि 2005 साली या कामासाठी स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक कर्जाची, प्रत्येक हप्त्याची, प्रत्येक विलंबाची नोंद या कंपन्यांकडे जाते, आणि त्यावरून 300 ते 900 या दरम्यानचा एक पतगुणांक तयार होतो. गुणांक जितका अधिक, तितका धनकोचा विश्वास अधिक.

ज्याने आजवर कधीच कर्ज घेतले नाही त्याचे काय? त्याचा गुणांकच नसतो. कर्ज न काढणे हा आपल्या वाडवडिलांच्या दृष्टीने सद्गुण होता. यंत्राच्या दृष्टीने ते केवळ कोरे पान आहे. केवळ पूर्वेतिहास नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मधील निर्देशांत धनकोंना सुचविले आहे. तरीही अशा अर्जदाराकडून अधिक आगाऊ रक्कम मागितली जाण्याचा किंवा दर चढा लावला जाण्याचा संभव असतो. नकार मिळाल्यास एकाच दिवशी पाच दुकानांत पाच अर्ज करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक अर्जासाठी धनकोने केलेली चौकशी नोंदली जाते, आणि अल्पावधीतील अनेक चौकशा म्हणजे पैशाची निकड, असा अर्थ लावला जातो. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने मात्र गुणांकास धक्का लागत नाही. तो प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळण्याची तरतूद 2017 पासून आहे. त्यात चूक आढळल्यास दुरुस्ती मागता येते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. मंजुरी म्हणजे धनकोने स्वतःच्या जोखमीविषयी काढलेला निष्कर्ष होय. आपले पैसे परत येतील काय, एवढेच तो पाहतो. हे कर्ज ऋणकोस झेपेल काय, त्याच्या घरखर्चाची ओढाताण होईल काय, याचे प्रमाणपत्र मंजुरीत नसते. तंजावूरच्याच इतिहासात याचे एक दारुण उदाहरण आहे. अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या साहाय्याने 1773 साली तंजावूर जिंकून तुळजाजी राजास कैद केले. 1776 साली राजास राज्य परत मिळाले, तेव्हा पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक सामान्य नोकर पुढे आला. नबाबाने आपल्या कर्जापोटी तंजावूरचा महसूल आपणांस लावून दिलेला आहे, आणि येथील रयतेलाही आपण पिकांच्या तारणावर पैसे दिले आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या मागणीची एकूण रक्कम दोन लक्ष पौंडांहून अधिक होती. या वादात मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांना त्यांच्याच कौन्सिलातील विरोधकांनी ऑगस्ट 1776 मध्ये अटक केली, आणि पुढील वर्षी ते अटकेतच मरण पावले. नबाबाच्या कर्जांचे हे प्रकरण 1785 साली एडमंड बर्क यांनी ब्रिटिश पार्लमेंटात गाजविले. कर्ज घेतले एकाने, आणि त्याचा बोजा पडावयाचा होता कावेरीकाठच्या शेतकऱ्यांच्या उभ्या पिकावर! धनकोची नजर तारणावर होती; फेडणाऱ्याच्या पोटावर नव्हती.

आता हप्त्यांकडे वळू. समान मासिक हप्त्यात, म्हणजे ई.एम.आय. मध्ये, दोन भाग असतात: मुद्दलाचा आणि व्याजाचा. 24,000 रुपये 12 महिन्यांसाठी शेकडा 15 दराने घेतले, आणि व्याज उतरत्या शिलकीवर असले, तर हप्ता सुमारे 2,166 रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातील 300 रुपये व्याजाचे आणि उरलेले मुद्दलाचे. पुढे मुद्दल घटत जाते तसे व्याजही घटते. वर्षाचे एकूण व्याज 2,000 रुपयांच्या आत राहते.

परंतु तोच ‘शेकडा 15’ सपाट दराने आकारला, तर चित्र पालटते. सपाट दरात मूळ रकमेवर पूर्ण वर्षाचे व्याज धरतात. ते झाले 3,600 रुपये. म्हणजे एकूण देणे 27,600 आणि हप्ता 2,300 रुपये. ऋणको दर महिन्यास मुद्दल परत करीत असूनही व्याज मात्र संपूर्ण 24,000 वर देत राहतो. या हप्त्याचा खरा वार्षिक दर काढला तर तो सुमारे साडेसव्वीस टक्के येतो. दोन दुकानांत ‘पंधरा टक्के’ हेच शब्द ऐकू येतील. पण त्यांत दीड हजारांहून अधिक रुपयांचे अंतर असेल.

‘बिनव्याजी हप्ता’ या आकर्षक शब्दाचीही अशीच परीक्षा करावी. समजा, फोनची छापील किंमत 24,000 रुपये आहे, आणि रोख घेणाऱ्यास 1,500 रुपये सूट मिळते. हप्त्याने घेणाऱ्यास ती सूट नाही. शिवाय 500 रुपये प्रक्रियाशुल्क आणि त्यावर 18 टक्के कर, असे 590 रुपये आरंभीच द्यावयाचे आहेत. मग 2,000 रुपयांचे 12 हप्ते. रोख घेणारा 22,500 देतो. ‘बिनव्याजी’ घेणारा 24,590 देतो. हा 2,090 रुपयांचा फरक म्हणजेच व्याज, आणि त्याचा वार्षिक दर सुमारे 17 टक्के पडतो. अशा योजनांत व्याज पुष्कळदा प्रक्रियाशुल्काच्या रूपाने दडविलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांच्या निदर्शनास आणून दिले होते. काही योजनांत व्याजाचा भार खरोखरच उत्पादक किंवा विक्रेता सोसतो. कोणती योजना कशी आहे हे ओळखण्याचा उपाय एकच: रोखीची अंतिम किंमत विचारावी, हप्त्यांची एकूण बेरीज विचारावी, आणि दोहोंची वजाबाकी करावी.

कर्ज मंजूर होताना ऋणको बँकेस एक आदेश देतो, की ठरलेल्या तारखेस हप्ता खात्यातून आपोआप वळता व्हावा. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर आदेश परत जातो. मग धनको दंड आकारतो, आणि खाते असलेली बँकही आपले शुल्क कापून घेऊ शकते. एप्रिल 2024 पासून नव्या कर्जांवर दंड हा व्याजाच्या दरात मिसळून चक्रवाढीने वाढविता येत नाही. तो स्वतंत्र शुल्क म्हणूनच घ्यावा लागतो. तथापि, पैशाच्या दंडाहून मोठा दंड असतो तो नोंदीचा. दोन हजारांचा चुकलेला हप्ता पतमाहितीत उतरतो, आणि पुढे मुलाच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागावयास गेल्यावर तोच आडवा येतो. यास्तव हप्त्याची तारीख पगाराच्या दोन-चार दिवस नंतरची ठेवणे, आणि एका हप्त्याएवढी शिल्लक खात्यात सदैव राखणे, या दोन साध्या गोष्टी फार उपयोगी पडतात.

ऋणकोच्या हाती आज एक महत्त्वाचे साधन आहे. ऑक्टोबर 2024 पासून अशा नव्या मुदतकर्जांसाठी धनकोने करारापूर्वी ‘मुख्य तथ्यपत्रक’ देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर, हप्त्यांचे वेळापत्रक आणि तक्रारीची व्यवस्था यांचा उल्लेख हवा. ते ऋणकोस समजणाऱ्या भाषेत हवे. आणि जे शुल्क त्यात नाही, ते त्याच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. क्रेडिट कार्डावरील येण्यास मात्र हा नियम लागू नाही, म्हणून तेथे अधिक सावधपणे विचारपूस करावी. फोनवरील ॲपमधून कर्ज देणाऱ्यांनी ऋणकोची संपर्कयादी किंवा छायाचित्रे पाहू नयेत, असाही दंडक रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये घालून दिला. धनकोकडे केलेल्या तक्रारीचे निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते, आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.

कर्ज हे स्वभावतः वाईट नाही. तंजावूरच्या व्यापाऱ्यांनी देवाचे धन घेऊन व्यापार केला आणि रोजची दीडशे केळी पोहोचविण्याचे पत्करले; त्यात कोणासही कमीपणा वाटला नाही. कारण काय घेतले आणि काय द्यावयाचे हे दोन्ही पक्षांस ठाऊक होते, आणि साऱ्या नगरासही वाचता येत होते. दुकानातील त्या तरुणासमोरही तसाच एक लेख आता ठेवला जातो. फक्त तो दगडाऐवजी कागदावर किंवा काचेच्या पडद्यावर असतो. ‘मंजूर’ हा शब्द वाचून सही करण्यास एक क्षण पुरतो. त्याखालचे आकडे वाचून बेरीज करण्यास पाच मिनिटे लागतात, आणि पुढील बारा महिन्यांची स्वस्थता त्या पाच मिनिटांवर अवलंबून असते.