कुत्रं घराच्या वळणावर जातं

"साहेब, हा कुत्रा लय चावरा झाला जी. येनाऱ्या-जानाऱ्याच्या अंगावर धावते. याले एखादं इंजेक्शन नाही काय?"

नाचणगाव, पुलगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून फिरताना हा प्रश्न मला सतत ऐकावा लागला. माझं मुख्य काम गुरांचं. लाळ्या-खुरकताची लस, घटसर्प, फऱ्या, अडलेली गाय, पोट फुगलेला बैल. गोठ्यातलं आटोपून हात धुवायला ओसरीवर आलो, की घरातलं कोणीतरी हमखास कुत्र्याचा विषय काढायचं. तेवढ्या वेळात मी कुत्र्याकडे जितकं बघायचो, तितकंच घरातल्या माणसांकडे. कोण कोणाशी कसं बोलतं, कुत्रं भुंकलं की कोणाचा आवाज आधी चढतो, बाहेर गाडी थांबली की कोण दचकतं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. कुत्र्याचा स्वभाव बिघडला असं वाटलं, की आधी घराचं वळण तपासावं.

त्याच्याही आधी शरीर तपासायला हवं, हे मात्र ठासून सांगतो. कान चिघळलेला असतो, दाढ दुखत असते, गोचिडांनी अंग पोखरलेलं असतं, आणि आपण म्हणतो कुत्रं चिडकं झालं. शांत कुत्रं एकाएकी चावायला लागलं, लाळ गाळू लागलं, त्याचा आवाज बदलला, त्याला गिळता येईना, तर वळणाची चर्चा करत बसू नका. ती रेबीजची लक्षणं असू शकतात. त्याच्यापासून लांब राहा आणि पशुवैद्यकाला बोलवा. कोणाला चावलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रेबीज एकदा उमटला की उपाय उरत नाही.

आजार नसेल, तर मग घराकडे वळू.

माणसाचा ताण कुत्र्याच्या अंगात

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 58 कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते वाढत्या केसात साठत जातं. म्हणजे केस तपासला की मागच्या काही महिन्यांचा ताण वाचता येतो. ज्या बाईच्या केसात कॉर्टिसोल जास्त, तिच्या कुत्र्याच्या केसातही ते जास्त आढळलं. मालकिणीच्या स्वभावाचा कुत्र्याच्या कॉर्टिसोलशी स्पष्ट संबंध दिसला, कुत्र्याच्या स्वतःच्या स्वभावाचा तितका दिसला नाही.

हे कुत्र्याला कळतं कसं? डोळ्यांनी आणि कानांनी कळतंच, पण नाकानंही कळतं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2022 साली 36 माणसांना अवघड तोंडी हिशेब करायला लावून त्यांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने घेतले, हिशेबाच्या आधीचे आणि नंतरचे. शिकवून तयार केलेल्या चार कुत्र्यांनी त्यातला ताणाखालचा नमुना सुमारे 94 टक्के वेळा बरोबर ओळखला. 2024 साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासानं पुढचं दाखवलं. अनोळखी माणसाच्या ताणाचा वास आला, की खाणं मिळेल की नाही अशी शंका असलेल्या वाटीकडे जायला कुत्री कचरू लागली. माणसाच्या ताणानं त्यांची उमेदच कमी झाली.

हे सगळं मी वाचलं नंतर, पण त्याच्या आधी एका घरात ते पाहिलं होतं. तिथली ताई बचत गटाच्या कर्जाचे हप्ते फेडत होती. वसुलीचा माणूस ठरलेल्या वारी यायचा, खांद्याला काळी बॅग, मोटारसायकलवर. कापसाचा पैसा हाती आला नसला की गाडीचा आवाज ऐकूनच ताईचा चेहरा उतरायचा, हातातलं काम थांबायचं, पोरांना ती आत घ्यायची. त्या घरचा मोती तेव्हा वर्षाचाही नव्हता. काही महिन्यांत तो खांद्याला बॅग असलेल्या कोणाही माणसावर धावून जायला लागला. पोस्टमन, मीटर वाचणारा, शाळेचे गुरुजी, कोणीच सुटलं नाही. घरच्यांच्या लेखी तो विनाकारण चवताळायचा. मोतीच्या लेखी कारण पुरेसं होतं. बॅग आली की घर घाबरतं, हे त्याला पाठ झालं होतं.

उपाय इंजेक्शनचा नव्हता. शेजारच्या पोराला बॅग लावून अंगणाच्या पार टोकाला उभं केलं. ताईनं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसायचं, पोराकडे बघायचं नाही, मोती गप्प राहिला की भाकरीचा तुकडा द्यायचा. पोरानं रोज थोडं जवळ यायचं. पहिले काही दिवस ताईचेच खांदे ताठ व्हायचे. ती सैल बसायला लागली, तसा मोतीही बसायला लागला. त्याचं भुंकणं पूर्ण गेलं नाही, अंगावर धावणं मात्र थांबलं.

मोठा आवाज झाला की

आमच्या भागात मोठ्या आवाजाची भीती माणसांच्याच अंगात मुरलेली आहे. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले, आसपासच्या गावांतली माणसं रातोरात घरं सोडून निघाली. त्यानंतर कितीतरी घरांत मोठा आवाज झाला की बाया-माणसं आधी दाराकडे धावतात. अशा घरातलं कुत्रं वीज कडाडली किंवा दिवाळीचा फटाका वाजला की खाटेखाली शिरून थरथरतं.

कुत्र्याचे कान तीक्ष्ण असतात, त्यामुळे आवाजाची भीती त्याला उपजतही असते. पण नवी, संशयास्पद गोष्ट समोर आली की ते आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. इटलीत मिलानच्या संशोधकांनी फिती बांधलेला पंखा कुत्र्यांसमोर चालू केला. बहुतेक कुत्र्यांनी पंख्याकडे पाहून मालकाकडे पाहिलं. मालक घाबरल्यासारखा वागला तर कुत्री मागे हटली.

म्हणून घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते लाडावतं, हा समज सोडा. जवळ घ्या, पण आपण शांत असताना घ्या. घाईघाईत उचलणं, "अरे बापरे, आला रे आला" म्हणत पदराखाली झाकणं, यानं त्याची खात्रीच पटते की संकट खरं आहे. दार लावा, कोपऱ्यात गोणपाट टाका, हळू आवाजात बोला आणि आपलं काम चालू ठेवा.

हाताच्या सवयी

भावना जितक्या लागतात, तितक्याच सवयीही. कुत्रं भुंकतं, घरातून चार जण "ए, चूप" म्हणून ओरडतात. त्याच्या दृष्टीनं सगळे मिळून भुंकले. जेवताना ताटातला तुकडा कधी द्यायचा, कधी लाथ मारायची, यानं मागणं सुटत नाही, उलट चिवट होतं. आजी "हट" म्हणते, बाप "बस" म्हणतो, शाळेतला पोरगा "सिट" म्हणतो, आणि तिघांच्याही मनात एकच गोष्ट असते. कुत्र्यानं कोणाचं ऐकावं? घरानं बसून एक शब्द ठरवावा, तोच सगळ्यांनी वापरावा.

दिवसभर साखळीला बांधून रात्री राखणीला सोडायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून ते अंगावर येतं. पोरं लांबून खडे मारतात, त्याची चीड साठते आणि रात्री सुटल्यावर ती वाटसरूवर निघते. शेतावर जागलीला धन्याबरोबर जाणारं कुत्रं बघा. रानडुक्कर आलं की आभाळ डोक्यावर घेतं आणि धन्याची हाक आली की पायाशी येऊन बसतं. ते दिवसभर धन्याच्या मागे मोकळं हिंडलेलं असतं, त्याचा आवाज ओळखत असतं.

माराबद्दलही बोललं पाहिजे. घरी आल्यावर चप्पल फाडलेली दिसते, आपण हात उगारतो, कुत्रं मान खाली घालतं आणि आपण म्हणतो, बघा, त्याला कळलं. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर हेच तपासलं. गुन्हा केलेला असो वा नसो, मालक रागावला की कुत्रं तसं तोंड करतं. तो पश्चात्ताप नसतो, आपल्या रागाची धास्ती असते. पोर्तुगालमध्ये 2020 साली 92 कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्यातही धाकदपटशानं शिकवलेल्या कुत्र्यांत ताण जास्त दिसला.

शिकवलेलं कुत्रंही माणूस वाचतं

1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळातला पोलिसांचा झंजीर अनेकांना आठवत असेल. या लॅब्रॅडॉरनं 3,329 किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद सांगितली जाते. अशा कुत्र्याला हाताळणारा माणूस ठरलेला असतो, कारण दोघांची जोडी जमावी लागते. पण जोडीचा परिणाम उलटाही होतो. कॅलिफोर्नियात 2011 साली शोधपथकातल्या 18 जोड्यांना एका इमारतीत नेलं. आत कुठेही स्फोटक किंवा अमली पदार्थ नव्हता. काही ठिकाणी लाल कागद चिकटवून हाताळणाऱ्यांना सांगितलं होतं, की तिथे माल असेल. कुत्र्यांनी "सापडलं" असा इशारा दिल्याची नोंद पुन्हा पुन्हा झाली, आणि लाल कागदापाशी तर जास्तच. माणसाच्या मनातली खात्री कुत्र्याच्या कामात उतरली होती.

आणि हे पाळलेल्या कुत्र्यांपुरतं नाही. आयसर कोलकात्यात डॉ. अनिंदिता भद्रा यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला आहे. ज्यांना कोणी काही शिकवलेलं नाही, अशी कुत्रीही माणसाच्या बोटाच्या दिशेनं जातात. 2017च्या त्यांच्या अभ्यासात, पुन्हा पुन्हा डोक्यावरून हात फिरवणाऱ्या अनोळखी माणसावर या कुत्र्यांनी नुसतं खाऊ घालणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास टाकला.

आपल्या गल्लीतलं कुत्रं कोणाचंच नसतं, असं आपण म्हणतो. त्याच्यावर संस्कार मात्र सगळ्या गल्लीचे होतात. खडा मारणारा पोरगा, शिळी भाकर टाकणारी मावशी, काठी घेऊन निघणारे काका, यांच्याकडूनच ते माणूस म्हणजे काय ते शिकतं.

तुमचं कुत्रं त्रास देत असेल तर आठवडाभर एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, ते कधी भुंकलं, कधी धावलं, आणि शेजारी लिहा की त्या क्षणी घरातलं कोण काय करत होतं. दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. मग त्यातली आपली एकच सवय निवडा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून महिनाभर ती बदलून बघा. आपलं दुखणं कुत्र्याला बोलून दाखवता येत नाही, आणि आपल्या घराशिवाय त्याला दुसरी शाळा नाही. म्हणून सुधारणेची सुरुवात आपल्यालाच करावी लागते.