घरघर ऐकू गेली पाहिजे

पहाटे ५.३०
आज सादरीकरण. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांची ही ऑनलाइन परिषद आहे. मला दुपारी सव्वादोनची वेळ मिळाली आहे. पंधरा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्नांना. विषय जात्यावरच्या ओव्यांचा. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात जातं आता लग्नाची हळद दळण्यापुरतं बाहेर निघतं. मोठी काकी आणि शेजारच्या नानींनी माझ्यासाठी ते मांडलं, नाचणी घेतली, आणि मी फोनवर रेकॉर्ड केलं. परिषद परगावी असती तर गाडीभाडं, राहणं, नावनोंदणी एवढा खर्च घरच्यांकडे मागणं माझ्यानं झालं नसतं. त्यामुळे आजचा दिवस मला फार मोलाचा वाटतो.

सकाळी ७.३०
रेंज फक्त माडीवर. तिथं टेबल लावलं, फोनचा हॉटस्पॉट जोडला. साखर कारखान्याचा हंगाम सुरू आहे. उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात, म्हणून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.

सकाळी ९.००
कराडच्या मैत्रिणीला लिंक पाठवून चाचणी घेतली. तिला काकींचा आवाज स्पष्ट येत होता, पण जातं अजिबात नाही. लॅपटॉपच्या स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमधून जाताना सॉफ्टवेअर त्यातला ‘गोंगाट’ गाळतं. बोलणं ठेवायचं, पंख्यासारखा सलग चालणारा आवाज काढून टाकायचा, अशी ती सोय. जात्याची घरघर तिच्या लेखी पंख्याच्या जातीची. ऑनलाइन तासाला ही सोय चांगलीच, पण माझ्या निबंधातून घरघर गेली तर उरतं काय? स्क्रीन शेअर करतानाच संगणकाचा आवाज थेट पाठवायचा पर्याय निवडला. मग मैत्रीण म्हणाली, “आता कोणीतरी दाणे टाकले बघ!” खरंच, नानी मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात सोडतात तेव्हा घरघर जड होते आणि सूरही जरा थांबतो.

सकाळी १०.३०
उद्घाटनाचं भाषण, मग पहिलं सत्र. मोडी पत्रांतल्या मायन्यांवरचा निबंध नेटका होता. वही भरली.

दुपारी २.१५
सत्राध्यक्ष मॅडमनी नाव पुकारलं. आधी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं काम सांगितलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ध्वनिमुद्रणांसह वाचायला मिळतात. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या पुस्तकात आणल्या, त्यांचं ऋण मोठंच. पण पुस्तकातली ओवी दोन ओळींत संपते. काकी गातात तेव्हा पहिली ओळ पुन्हा येते, मध्ये ‘ग बाई’ येतं, अर्धी ओळ परत फिरते. लिहून घेताना आपण हे सगळं पुनरुक्ती म्हणून गाळतो. माझं म्हणणं असं, की ही जागा रिकामी नसते. एकीची ओळ फिरत असते तेवढ्यात दुसरी पुढची ओळ जुळवत असते. म्हणजे ओवी रचायला लागणारा वेळ जात्याच्या फेऱ्यांतूनच मिळतो. रेकॉर्डिंग लावलं. चॅटमध्ये कोणीतरी लिहिलं, ‘दगडाचा आवाज येतोय.’ जीव भांड्यात पडला.

दुपारी २.३०
पहिला प्रश्न एडिंबरोच्या विद्यार्थिनीचा. तिकडे सकाळचे नऊ. तिच्या मागच्या खिडकीत नुकतं उजाडत होतं. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायका गोल बसून ओलं लोकरी कापड टेबलावर आपटत गात. एक जण ओळ म्हणे, बाकीच्या धृपद धरत, आणि त्या धृपदात पुष्कळदा अर्थ नसलेली अक्षरं असत. तुमचं ‘ग बाई’ तसंच का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, ‘बाई’ला अर्थ आहे, ती समोरच्या सोबतिणीला मारलेली हाक आहे, पण तिचं काम तुमच्या धृपदासारखंच असू शकतं, मला तपासायला आवडेल.

मग मॅडमनी विचारलं, या रेकॉर्डिंगवर हक्क कोणाचा? हा प्रश्न यायलाच हवा होता. मी म्हणाले, गाणाऱ्या दोघींचा. त्यांना मी प्रत्येक तुकडा आधी ऐकवला होता. सासरच्या एका माणसावरची ओवी नानींना बाहेर जायला नको होती, म्हणून ती निबंधातही नाही आणि माझ्या यादीतही नाही. अभ्यास त्यानं थोडा उणा होतो, हे मला मान्य आहे. माझं उत्तर तरीही तेच राहील.

दुपारी ४.००
चहा. एडिंबरोच्या मुलीचा मेल आला. तिथल्या विद्यापीठात १९५१ पासूनचा लोकपरंपरेच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. ऑनलाइन ऐकता येतील अशा काही गाण्यांच्या लिंक तिनं पाठवल्या. तिला काकींचं रेकॉर्डिंग हवं आहे.

रात्री ८.००
जेवणं उरकल्यावर काकींना विचारलं, “पाठवू का?”
“पाठव की. पर त्यांचंबी ऐकीव आधी.”
ऐकवलं. कापड आपटल्याचे ठोके, एका बाईचा आवाज, मागून सगळ्यांचा. काकींनी दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, “ह्यांच्यात एकच म्होरं हाय, बाकीच्या मागनं. आमच्यात तसं न्हाय. खुंटा दोघींच्या हातात, मग कुणीबी धरावं, कुणीबी सोडावं.”

पुढची ओळ कोणी घ्यायची हे कसं ठरतं, याचं उत्तर माझ्या निबंधात नव्हतं. लगेच वहीत उतरवलं, शेजारी काकींचं नाव लिहिलं. पूर्ण निबंध महिनाअखेर द्यायचा आहे. दुसरा भाग आता इथूनच सुरू करते, आणि उद्या नानींनाही हेच विचारते.