परीक्षकाची परीक्षा

‘दहापैकी गुण द्या’ एवढं सांगितलं की एकाचं सात म्हणजे ‘ठीक आहे’ आणि दुसऱ्याचं सात म्हणजे ‘फर्मास’. बचत गटांच्या कैरी लोणच्याच्या स्पर्धेसाठी गुणपत्रिका बनवताना सुरुवात इथूनच करावी लागली. १९५०च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या अन्नसंशोधकांनी आवडीची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी केली. तिच्या प्रत्येक पायरीला शब्द आहे. पाचवी म्हणजे ‘आवडलंही नाही, नावडलंही नाही’. पण ती मोजते आवड, आणि परीक्षकाकडून हवी असते पारख. गूळ घातलेलं लोणचं न आवडणाऱ्यालाही फोड करकरीत आहे की लिबलिबीत, हे सांगता आलंच पाहिजे.

म्हणून फोड, मसाला मुरणं आणि आंबट-खारट-तिखटाचा मेळ यांना वेगवेगळे रकाने दिले. खवट तेलाला मात्र रकाना नाही. तेल खवट, तर लोणचं बाद. नाहीतर फोड आणि मेळाच्या गुणांवर खवट बरणीसुद्धा बक्षीस नेते.

वाट्यांवर नावं नसतात, एक-दोन-तीनही नसतं, कारण ‘एक’ आकड्याचा नकळत मान राखला जातो. ४१७, ६८२, ९३५ असे आकडे टाकतो आणि प्रत्येक परीक्षकाला क्रम वेगळा देतो. मधे मऊ भात आणि ताक. तिखटाचा दाह पाण्याने जात नाही. ताकातलं केसीन हे प्रथिन तो कमी करतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती जोडवाटी. एकच लोणचं दोन आकड्यांखाली ठेवायचं. चव घेण्यात मुरलेल्या एका काकूंनी ४१७ला आठ दिले, ६८२ला पाच. बरणी तीच! क्रम पाहिला, तर ६८२च्या आधी त्यांच्यापुढे गुळाचं लोणचं आलं होतं. त्या गोडावर साधं लोणचं खारट-आंबट लागणारच. गोड लोणच्यांची फेरी तेव्हाच वेगळी काढली, आणि जोडवाटीत दोनहून जास्त गुणांचा फरक पडला तर विश्रांतीनंतर सगळ्याच वाट्या पुन्हा चाखायच्या, असं ठरलं.

सर्वांत कमी गुण वगळून सरासरी काढा, अशीही सूचना आली. मी ती मानली नाही. पाचांपैकी चौघांच्या जिभेला न कळलेला खवटपणा पाचव्याला कळलेला असू शकतो. त्याला आधी विचारायचं, बरणी पुन्हा उघडायची, मगच बेरीज.